भाव फुटाचा, पाणी कुणाचं?

प्रेशर वॉशिंगचं माझं पहिलं कोटेशन मुलुंडच्या एका सोसायटीला. पार्किंग ६,००० चौरस फूट, भाव ३ रुपये फूट. झाले १८,०००. खूश!

मशीन मिनिटाला १५ लिटर पाणी ओढायचं. दहा तास, म्हणजे ९,००० लिटर. त्यात पाणीकपात. सेक्रेटरी काका म्हणाले, "पाणी तुमचं." कागदावर काहीच नव्हतं. टँकर माझ्या खिशातून, वर दोघांची मजुरी, टेम्पो. हातात राहिलं काय? ओले बूट.

आता आधी जागेवर जातो. नळ, शेवाळ, तेलाचे डाग बघतो. एक कोपरा धुवून वेळ मोजतो, मगच भाव सांगतो. आणि कोटेशनमध्ये पहिली ओळ: "पाणी आणि वीज सोसायटीची." जीएसटी लागत असेल, तर १८ टक्के वेगळा. काम गेलं तर गेलं. तोट्यातलं काम नको.