हनुवटीवर पडलेलं लेकरू

आम्ही चारठाण्याच्या बचत गटातल्या बाया. आज जबड्याच्या हाडाबद्दल बोलायचं ठरवलं, तेव्हा आमच्यातल्याच एकीने विचारलं, "दातांचं ठीक आहे, पण जबड्याचं काय बोलणार?" म्हणून आधी एक काम करा. हातातलं निवडण-टिपण जरा बाजूला ठेवा. दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट टेकवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटाखाली काहीतरी हलतंय ना? तोच जबड्याचा सांधा. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. जेवणं, बोलणं, जांभई देणं, सगळं या दोन सांध्यांवर चालतं.

आता तुमच्या स्वतःच्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. बहुतेकींची जातील. लेकराची तपासणी करताना बोटं लेकराचीच घ्यायची, आपली नाही.

ही तीन बोटांची गोष्ट आम्ही उशिरा शिकलो. आमच्या गटातल्या एकीची मुलगी चार वर्षांची असताना माळवदाच्या जिन्यावरून घसरली आणि हनुवटीवर आपटली. हनुवटी फाटली, रक्त आलं. जवळच्या दवाखान्यात टाके घातले, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं. तोंड दुखतंय म्हणून लेकरू रडत होतं. आजीने हळद लावून डोक्यावरून हनुवटीखाली फडकं घट्ट बांधलं आणि कितीतरी दिवस ते तसंच ठेवलं. पेज आणि दूधच चालू होतं. जखम छान भरली. आता तर व्रण शोधावा लागतो.

पण कानापुढे कुणी बोट लावून पाहिलं नव्हतं. हनुवटीवर मार बसला की त्याचा जोर जबड्याच्या हाडातून वर जातो आणि कानापुढच्या सांध्यात येऊन थांबतो. जखम खाली दिसते, हाड वर मोडलेलं असतं. लहान लेकराच्या सांध्याच्या त्या टोकाला रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. मोडलं की रक्त सांध्यात साकळतं, आणि जबडा हलवला नाही तर त्या जागी हळूहळू हाड तयार होतं. खालचा जबडा कवटीला चिकटतो. दुखत नाही, सुजत नाही, म्हणून वर्षानुवर्षे कळत नाही. कान बरेच दिवस फुटलेला राहिला, आतून पू येत राहिला, तरीही कधीकधी सांधा असाच धरतो.

ती मुलगी शाळेतून डबा तसाच परत आणायची. भाकरी चावत नाही, नखरे करते, असं आम्हीही म्हणालो. सांगायला लाज वाटते, पण म्हणालो. भात दातांच्या फटीतून बोटाने आत ढकलायची. रात्री घोरायची, झोपेत दचकून उठायची. हनुवटी मागे राहिली, कारण सांध्याजवळच जबडा वाढण्याची जागा असते आणि तीच अडकली होती. सात वर्षांची झाली तेव्हा दाढ किडली म्हणून दाताच्या डॉक्टरकडे नेलं, तर त्यांचा छोटा आरसासुद्धा आत जाईना. तिचं एक बोट कसंबसं जात होतं.

पुढे ऑपरेशन झालं. चिकटलेलं हाड कापून मध्ये मोकळी जागा केली आणि ती पुन्हा भरू नये म्हणून कानशिलाचा स्नायू तिथे वळवून घातला. बेशुद्ध करणंही सोपं नव्हतं. तोंडच उघडत नाही तर श्वासाची नळी घालायची कुठून? ती नाकातून घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, "आमचं काम झालं, आता आईचं सुरू." दुसऱ्याच दिवसापासून व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, थोड्या दिवसांनी एक वाढवायची. दिवसातून चार-पाच वेळा आणि महिनोन्‌महिने. लेकरू रडतं, आईचा जीव तुटतो. पण व्यायाम सोडला तर हाड परत जुळू शकतं. सोयाबीनच्या काढणीत आई रानात जायची, तेव्हा काड्या मोजायचं काम त्याच आजीने घेतलं.

एवढं सगळं टाळता येतं का? पुष्कळदा येतं. वेळेवर कळलं तर लहान लेकराला सहसा ऑपरेशनच लागत नाही. थोडे दिवस पातळ आणि मऊ खायला द्यायचं, दुखणं कमी झालं की डॉक्टर सांगतील तसं तोंड उघडायचा व्यायाम करायचा आणि पुढची काही वर्षं तपासत राहायचं. म्हणूनच घरच्या घरी घट्ट बांधून ठेवायचं नाही. सुश्रुतसंहितेत जबड्याचा सांधा निखळला तर शेकून, जागेवर बसवून मग पंचांगी पट्टी बांधायला सांगितलं आहे. आपण बसवणं विसरलो आणि बांधणं तेवढं लक्षात ठेवलं.

तेव्हा लेकरू बारवेच्या पायरीवर पडो, सायकलवरून पडो की बैलगाडीवरून, हनुवटी फुटली तर टाके घालणाऱ्या डॉक्टरला आपण होऊन विचारा: "कानापुढचा सांधा बघितला का?" कानापुढे दुखतंय, कानातून रक्त आलंय, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जातेय, दात पहिल्यासारखे एकमेकांवर बसत नाहीत, यातलं काहीही असेल तर फोटो काढायलाच हवा. पूर्ण जबड्याचा ओपीजी नावाचा फोटो असतो, गरज पडली तर सीटी स्कॅन. आणि उलट्या होत असतील, लेकरू गुंगीत असेल, तर जबडा राहू द्या, आधी १०८ ला फोन करा.

अशा उपचारांसाठी दंत महाविद्यालयात मुख व जबडा शल्यचिकित्सेचा वेगळा विभाग असतो. आपल्याकडून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. खर्चाचं काय, हे विचारायला योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, ते त्यांच्याकडून आधीच विचारून घ्या. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

मोठ्या माणसांचा जबडा मोडला की गोष्ट वेगळी. बारीक पट्ट्या आणि स्क्रू बसवतात, किंवा वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधून काही आठवडे ठेवतात. तेव्हा खायला ज्वारीची आंबील, गाळलेलं वरण, ताक, शेंगदाण्याचं दूध. दाढेमागच्या फटीतून नळीने सगळं आत जातं. तार कापायची कात्री मात्र रुग्णाच्या उशाशीच हवी, आणि तार कुठे कापायची ते घरातल्या एकाला दवाखान्यातच शिकवून घ्या. उलटी झाली तर शोधत बसायला वेळ नसतो.

आणि एक सांगायचं की नाही यावर आमच्यात दोन दिवस चर्चा झाली. बाईचा जबडा मोडतो तेव्हा केसपेपरवर बरेचदा "पाय घसरून पडली" असं लिहिलं जातं. कुणी मारलं ते डॉक्टरला सांगा. मार कुठून बसला हे कळलं तर ते दुसऱ्या बाजूचं हाडही तपासतात, कारण एका बाजूला ठोसा बसला तर दुसऱ्या बाजूचा सांधाही मोडू शकतो. पुढे तक्रार करायची की नाही, ते तुमच्या हातात आहे. बोलावंसं वाटलं तर १८१ ला फोन करता येतो.

तीन बोटांची परीक्षा घरातल्या पुरुषांचीही घ्या. गुटख्याची विक्री आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे, पण पुड्या कुठे मिळतात हे आपल्याला ठाऊक आहे. तिखट झोंबायला लागलं, गाल आतून ताठ झाले, दोनच बोटं जायला लागली, तर तो सांधा नव्हे, सुपारीने आकसलेली कातडी असते. त्यात पुढे कॅन्सरचा धोका असतो. सुपारी त्याच दिवशी बंद करायची आणि दाताच्या डॉक्टरला दाखवायचं. घरात सुपारी चघळणाऱ्या बाया असतील तर त्यांनाही हेच.

लेकरांची तपासणी करायला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. पुढच्या वेळी पथक आलं की आम्ही दारातच उभ्या राहणार आहोत. कोणतं लेकरू कधी हनुवटीवर पडलं होतं त्याची यादी करतोय. आतापर्यंत नऊ नावं झाली. तुमच्या गल्लीतलं कुणी असेल तर शुक्रवारी गटाच्या बैठकीत येऊन सांगा.