वधूवर-सूची आणि भ्रमणध्वनी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपली वधूवर-सूची पूर्वी छापील पुस्तिकेच्या रूपाने निघे आणि बहुधा उपवर मुलामुलींच्या घरीच जाई. आज तीच सूची व्हॉट्सॲपवरून क्षणार्धात शेकडो अपरिचितांच्या हाती पडते. छायाचित्र, जन्मतारीख, वेतन, भ्रमणध्वनी-क्रमांक, सारे एकाच पानावर! एवढी माहिती मिळालेला ठक बँकेचा अधिकारी म्हणून बोलू लागला, म्हणजे शहाणी माणसेही ओटीपी सांगून बसतात. मुलींना अपरात्री नकोसे संदेश येतात, तो त्रास निराळाच.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. तो हक्क आपल्या घरातील मुलामुलींनाही आहे, हे विसरून चालणार नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी की, सूचीत नोंदणी-क्रमांक, वय व शिक्षण एवढेच असावे. पुढील संपर्क कार्यालयामार्फत, ज्याची त्याची संमती घेऊनच व्हावा. आणि विवाह जमताच नोंद वगळावी. विश्वासाने स्वाधीन केलेली गोष्ट चव्हाट्यावर येऊ न देणे, हेही ज्ञातिकार्यच होय.