जनीची मुद्रा



'व्यक्ती आणि समुदाय' हा विषय चालकांनी आम्हांस दिला. आम्ही कोणी पंडित नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी झाले. तेव्हा बोलू ते अनुभवाचे बोलू.

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या गाडीने आम्ही एकटेच आलो. एकट्या प्रवाशास आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारतात: कुठले? आणि कोणाचे? पहिल्यास गावाचे नाव सांगून सुटता येते. दुसऱ्यात मात्र घर, जात, पक्ष सारे येते. माणूस कोणाचा तरी असल्याखेरीज आपल्याला चैन पडत नाही. त्याला स्वतःचे काही मत असेल, ही शंका कोणास येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या गंगाखेडच्याच एका लेकीने शेकडो वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. जनाबाई येथली. लहानपणी ती पंढरपुरास दामाशेटींच्या घरी गेली आणि नामदेवांच्या त्या घरात दळणकांडण करीत राहिली. 'कोणाची?' असे कोणी विचारले तर 'नामदेवाची दासी' हे उत्तर तिने कधी लपविले नाही. पण अभंग रचला तेव्हा शेवटी मुद्रा घातली ती स्वतःची, जनीची. आज तिच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत. ती घरात मिसळली, वारकऱ्यांच्या मेळ्यात मिसळली. नाव मात्र विरघळू दिले नाही.

आता आजचे पाहा. दिवाळीच्या सुमारास याच तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक 'कोयता'. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि तिची मजुरी त्या एका शब्दात बुडून जाते. आजारपणात खाडा पडला तर तो दोघांच्या नावे. यास कोणी एकोपा म्हणेल. आम्ही म्हणत नाही. ज्याचे नावच पुसले गेले, तो मिसळला असे कसे म्हणावे?

यावर काही मित्र आम्हांस विचारतात, 'मग तुमच्या युनियनमध्ये तरी वेगळे काय? तेथेही सर्वांनी एकच घोषणा द्यावयाची.' प्रश्न रास्त आहे. परंतु 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणीसाठी किमान सात जणांच्या सह्या मागितल्या होत्या. सात निरनिराळ्या सह्या; एक सही सातदा नव्हे. एकट्याने मालकापुढे उभे राहावे तर त्याचा टिकाव लागत नाही, म्हणून संघ हवा. पण सभेत विरुद्ध हात वर करणाऱ्यास जो संघ खाली बसवितो, तो संघ नव्हे, तो दुसरा मुकादम होय.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. येत्या दिवाळीला टोळी निघण्यापूर्वी वहीत दोन ओळी लिहा: दोन नावे, दोन मजुऱ्या, दोन सह्या वा अंगठे. जनाबाईच्या गावाने एवढे केले, तर जिल्ह्यातील इतर टोळ्यांनाही ते मागता येईल.