ए. टी. व्ही. घेण्यापूर्वी

आज एका वेगळ्याच वाहनाविषयी बोलायचे आहे. चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखे हँडल आणि घोड्यासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसायची बैठक. याला म्हणतात ए. टी. व्ही. चिखल, ढेकळे, चढउतार यांतून ते जाते. लोणावळ्याकडे पैसे देऊन त्यावर फेरी मारता येते, तिथे पुष्कळांनी ते पाहिले असेल. खताचे पोते, फवारणीचा पंप शेतात न्यायलाही ते उपयोगी. तेव्हा आपणही घ्यावे, असे कुणाच्या मनात येणारच. जरूर घ्या, पण पैसे मोजण्यापूर्वी विक्रेत्याला एक प्रश्न विचारा : याची नोंदणी होते का?

का, ते सांगतो. रस्त्यावर येणाऱ्या वाहनाच्या नमुन्याची आधी चाचणी व्हावी लागते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतला १२६ वा नियम तो हाच. असा दाखला देणाऱ्या दोन संस्था आपल्या शेजारीच आहेत : पुण्याची ए. आर. ए. आय. आणि भोसरीची सी. आय. आर. टी. दाखला नाही तर नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही तर एम. एच. १४ ची पाटीही नाही. बहुतेक ए. टी. व्ही. अशा बिनदाखल्याच्याच असतात. काही थोड्या नमुन्यांना शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्यता मिळाली आहे. म्हणून तोंडी भरवशावर राहू नका, कागद पाहा.

आता तुम्ही म्हणाल, "शेत माझे, गाडी माझी. चाकणच्या कारखान्यातल्या फोर्कलिफ्टला कुठे पाटी असते?" खरे आहे. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायला बनविलेले खास वाहन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत येत नाही. पण शब्द 'बंदिस्त' असा आहे, बरं का! ज्या शेतातून गावाची वहिवाट जाते, ते बंदिस्त कसे म्हणावे? शिवाय नोंदणीचे ३९ वे कलम सार्वजनिक जागेबरोबर इतर जागेचाही उल्लेख करते. आणि डेअरीपर्यंत जरी गाडी नेली, तरी परवाना आणि विमा हवाच. विमा नसताना कुणाला धडक बसली, तर भरपाई मालकाच्या खिशातून जाते. प्रसंगी जमिनीवर बोजा येतो.

मुलांच्या हाती तर ती देऊच नका. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९९-अ कलम सांगते, की अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड.

कायदा बाजूला ठेवला, तरी धोका उरतोच. बैलगाडी वळताना आतले चाक सावकाश फिरते, बाहेरचे भरभर. पुष्कळ ए. टी. व्हीं.ची मागची दोन्ही चाके एकाच आसाला जखडलेली असतात, म्हणून ती सारखीच फिरतात. मऊ मातीत चाक घसरून निभावते. डांबरावर टायर पकड धरतो आणि गाडी वळायला नाखूश होते, कधी उलटते. शिक्षकांनी हे फळ्यावर काढून दाखवावे. मुलांना चटकन पटेल. तीन चाकांच्या ए. टी. व्ही. तर इतक्या धोक्याच्या ठरल्या, की अमेरिकेत १९८८ साली न्यायालयातल्या तडजोडीने त्यांची विक्री थांबली.

आणखी एक. बैठक लांब दिसते, ती मागे माणूस बसविण्यासाठी नव्हे. चढावर पुढे, उतारावर मागे सरकून चालकाने तोल सांभाळावा म्हणून ती लांब असते. एकाच स्वारासाठी बनविलेल्या गाडीवर मागे कुणी बसले, की सरकायला जागा उरत नाही. गाडी उलटली तर तिचे सारे वजन अंगावर येते.

तेव्हा लक्षात ठेवा : कागद आधी, गाडी नंतर. डोक्याला हेल्मेट, पायांत बूट, स्वार एकच. बांधावर आणि तीव्र उतारावर आडवी घालू नये. किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवावी. वाहन कामासाठी आहे. त्याने घरचे माणूस नेऊ नये, एवढेच सांगणे.