टोपणनावाआडची गीतकार

गटाच्या सगळ्या ताया, मावश्या, आणि भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या आज्ज्यांनो, आज व्याज, हप्ता, कर्जफेड यातलं काही बोलणार नाही. आज गाणी लिहिणाऱ्या एका बाईबद्दल सांगते. ती आपल्याकडची नाही, पार पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या अर्जेंटिना देशातली. तिचं नाव मारिया लुईसा कार्नेली. नाव जरा अवघड आहे, पण लक्षात ठेवा. सगळी गोष्ट या नावाचीच आहे.

ती १८९८ साली ला प्लाता नावाच्या शहरात जन्मली. राजधानी ब्युनॉस आयर्स तिथून जवळच. त्या काळी ब्युनॉस आयर्सच्या बंदरावर बोटी भरभरून माणसं उतरत होती, इटलीची, स्पेनची, पोट भरायला आलेली. एकेका वाड्यात खोली खोलीला एक कुटुंब, मधे एक अंगण, पाण्याला एक नळ. अशा वस्त्यांमधून टँगो वर आला. टँगो म्हणजे नाचही आणि गाणंही. त्यात बांदोनिओन नावाचं वाद्य असतं. आपल्या बाजाच्या पेटीची लांबची बहीण म्हणा, फक्त ती दोन्ही हातांत धरून ताणत, दाबत वाजवायची. गाण्यांतून काय असायचं? सोडून गेलेलं माणूस, सुटलेलं गाव, दारू, जुगार, रिकामा खिसा.

साहजिकच चांगल्या म्हणवणाऱ्या घरांत टँगोचं नाव काढायची सोय नव्हती. आपल्याकडे तमाशाच्या फडाबद्दल लोक कसं बोलायचे, आठवा. त्यातून या गाण्यांची बोली म्हणजे लुन्फार्दो. बंदरावरची, तुरुंगातली, गल्लीबोळातली भाषा. बाईमाणसाच्या तोंडी ती शोभत नाही, असं सगळ्यांचं ठरलेलं.

आणि मारिया लुईसाला नेमकी तीच बोली छान जमायची!

ती पत्रकार होती, कवी होती. १९२२ साली तिचा ‘एका बाईच्या कविता’ अशा अर्थाच्या नावाचा संग्रह आला. त्यावर तिचं स्वतःचं नाव होतं. कविता चालत होती ना बाईला! मात्र टँगोसाठी शब्द लिहिले तेव्हा तिनं दोन पुरुष जन्माला घातले. एक लुईस मारिओ आणि दुसरा मारिओ कास्त्रो. १९२७ साली हुआन दे दियोस फिलिबेर्तो या नावाजलेल्या संगीतकारानं ‘मिलोंगा रडते तेव्हा’ या गाण्याला चाल दिली. शब्द कोणाचे, तर लुईस मारिओचे. १९२९ च्या सुमारास एद्गार्दो दोनातोच्या चालीवर ‘आयुष्य निघून चाललंय’ हे गाणं आलं. तेही लुईस मारिओचं. दिवस संपत चाललेत, हाताशी येईल ते सुख घे, असा सल्ला देणारं हे रोखठोक, थोडं आगाऊच गाणं. ते आजही ऐकलं जातं.

मला गंमत वाटते ती पुढची. हे गाणं आसुसेना मायसानी या प्रसिद्ध गायिकेनं गायलं. ही मायसानी अनेकदा पुरुषी वेश करून रंगमंचावर यायची. म्हणजे पुरुषाच्या नावानं बाईनं लिहायचं, आणि पुरुषाचे कपडे घातलेल्या बाईनं ते गायचं. ऐकणारे खूश! आपल्या लावणीत उलटं होतं. लिहिणारे शाहीर पुरुष, आणि शब्द बाईच्या तोंडचे. ते मात्र आपलं नाव शेवटच्या कडव्यात ठणकावून सांगतात.

कुणी म्हणेल, नावात काय एवढं? तर त्या देशात १९२६ सालापर्यंत लग्न झालेल्या बाईला स्वतःचा व्यवसाय करायला, स्वतःची कमाई स्वतः हाताळायला नवऱ्याची परवानगी लागायची. १९२६ च्या कायद्यानं ती अट गेली. मतदानाचा हक्क तर १९४७ साली मिळाला. म्हणजे कायद्यानं कमाई बाईच्या हातात आली, आणि त्याच सुमारास ही बाई गाण्यावरचं नाव मात्र लपवत होती. कायदा बदलला तरी लोकांच्या जिभेचं काय करायचं?

आपल्या गटातल्या एका ताईंची मला इथं आठवण येते. मेळाव्यासाठी दोन गाणी त्यांनी रचली होती. पत्रिकेत ती छापली आणि खाली ‘महिला बचत गट’ एवढंच टाकलं. छपाईचं काम माझ्याकडेच होतं. “राहू दे गं, घरी चालायचं नाही,” असं त्या म्हणाल्या, आणि मी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.

असो. मारिया लुईसा काही गाण्यांपाशी थांबली नाही. १९३० साली फिलिबेर्तोच्याच चालीवर तिचं ‘लिनयेरा’ आलं. लिनयेरा म्हणजे पाठीवर बोचकं टाकून रेल्वेमार्गानं गावोगाव भटकणारा मजूर. मंदीच्या दिवसांत असे लोक ठिकठिकाणी दिसायचे. १९३३ साली तिनं कादंबरी लिहिली, तिचं नाव ‘मला काम हवंय!’ एक बाई कामासाठी वणवण फिरते, तिची ही गोष्ट. रोजगार हमीच्या कामासाठी अर्ज घेऊन फिरलेल्या आपल्या बायकांना त्या नावाचा अर्थ समजावून सांगायला नको. पुस्तकावर नाव होतं मारिया लुईसा कार्नेली. पुढे स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा ती बातमीदार म्हणून तिथं गेली. अस्तुरियास भागातल्या खाणकामगारांच्या लढ्यावरही तिनं पुस्तक लिहिलं.

आता तुमच्या मनात येईल, युद्धावर जायला जी घाबरली नाही, ती गाण्याखाली सही करायला का बिचकली? मलाही हा प्रश्न पडला. मला वाटतं, गोळीची भीती वेगळी आणि घरातल्या, आळीतल्या बोलण्याची भीती वेगळी. दुसरी आपल्याला रोज जेवणाबरोबर मिळते.

लुईस मारिओ आणि मारिओ कास्त्रो म्हणजे तीच, हे पुढे जगाला कळलं. १९८७ साली, एकोणनव्वदाव्या वर्षी ती गेली. आता टँगोच्या इतिहासात त्या दोन नावांच्या शेजारी तिचं खरं नाव लिहितात.

आणि हो, त्या ताईंना मी गेल्या आठवड्यात पुन्हा विचारलं. दोन दिवसांनी सांगते म्हणाल्या. त्यांचं गाणं पुढच्या कार्यक्रमात ऐकवायचं आहे. नावासकट की नावाविना, ते त्या सांगतील तसं. ऐकायला या.