लाजेआड दडलेले दुखणे



गर्भाशयमुखाच्या कर्करोगासारखा विषय देवस्थानच्या व्यासपीठावरून मांडला जावा, ह्याचे काही ज्येष्ठांस नवल वाटेल. परंतु ह्या रोगाला आपल्या घरांत जो आसरा मिळतो, तो बहुधा लाजेच्या आणि सोवळ्याओवळ्याच्या आडोशानेच. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, अथवा दुर्गंधीयुक्त पांढरे अंगावरून जाऊ लागले, तर रामाकोन्याच्या संत्र्याच्या बागेत राबणारी बाई काय किंवा वाड्यातील गृहिणी काय, ती गोष्ट मनातच ठेवते. सांगितले तर बाहेर बसावे लागेल, देवघर आणि स्वयंपाकघर सुटेल! ‘पिशवीचे दुखणे, चालायचेच’ असे म्हणून ती दिवस ढकलते. वेदना मात्र पुष्कळदा रोग पसरल्यावरच सुरू होतात. २०२२ साली भारतात ह्या रोगाने सुमारे ८०,००० स्त्रिया दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे.

ह्या संदर्भात बार्शीचे उदाहरण मननीय आहे. सोलापूर जिल्ह्यातील ह्या गावी १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. नोंदणी म्हणजे वहीत नावे टिपणे, अशी कोणाची समजूत असेल. येथील कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांना रोगाची लक्षणे समजावीत आणि ज्यांच्यात ती दिसत, त्यांना रुग्णालयात येण्यास प्रवृत्त करीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा आरंभीच्या अवस्थेत होऊ लागल्याचे आढळले. सरसकट तपासणीची मोहीम तेव्हा नव्हती. बाईला लक्षण ठाऊक झाले आणि ती लवकर आली, एवढेच घडले.

पुढे त्याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९पासून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गावांत विषाणूची चाचणी अवघी एकदा झाली, तेथे ह्या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला.

विषाणूचा उल्लेख झाला, तेव्हा एक गैरसमज दूर केलेला बरा. ह्यूमन पॅपिलोमा हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे ऐकून सुशिक्षितही स्त्रीच्या शीलाविषयी भलते तर्क करतात. तो इतका सर्वसामान्य आहे की एकनिष्ठ पतिव्रतेलाही त्याची बाधा होऊ शकते. बहुतेकींचे शरीर त्याला आपोआप घालवून देते. जिच्यात तो ठाण मांडतो, तिच्यातही कर्करोग होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. तपासणीला अवसर मिळतो तो ह्याच काळात.

रामाकोन्याहून नागपूर फारसे दूर नाही, आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय तेथेच आहे. परंतु पहिल्या तपासणीसाठी तेथवर जावेच लागते असे नाही. गर्भाशयमुखावर सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, लावून पांढरा डाग उमटतो का ते पाहणे, ही साधी पद्धत तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी राष्ट्रीय कार्यक्रमात आखलेली आहे. मुंबईच्या वस्त्यांत जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनी हीच तपासणी केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीस २०२२ साली मान्यता मिळाली. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी चुकवू नये. आणि सुनेला तपासणीस नेणाऱ्या सासूने बाहेर बाकावर बसून न राहता आपलीही करून घ्यावी. पाळी गेली म्हणजे धोका टळला, असे नाही.