वजनकाटा दारात नको



मूल होत नाही म्हणून दवाखान्यात आलेल्या बाईला पहिल्याच भेटीत बहुधा एक वाक्य ऐकावं लागतं : 'आधी वजन कमी करा, मग बघू.' या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलण्याची संधी तुम्ही दिलीत, मी तिचा उपयोग या एका वाक्याची तपासणी करण्यासाठी करणार आहे. या वाक्यात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. पण ते अर्धवट आहे, अनेकदा चुकीच्या बाईला सांगितलं जातं आणि कधीकधी त्यातून भरून न येणारं नुकसान होतं. वजनाचा विचार वंध्यत्वाच्या उपचारात पहिल्या दिवसापासून हवा. उपचार सुरू करण्याची अट म्हणून मात्र तो नको, असं माझं म्हणणं आहे. ते पुराव्याच्या आधारे तुमच्यापुढे ठेवतो.

चरबी म्हणजे साठून राहिलेलं निरुपयोगी ओझं, ही समजूत वैद्यकशास्त्राने केव्हाच सोडली आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन तयार करतात. १९९४ साली सापडलेलं हे संप्रेरक शरीरात शिलकीत किती आहे याची खबर मेंदूला देतं. शिल्लक फार कमी असेल, तर मेंदू बीजांडकोशाकडे जाणारे इशारे मंद करतो आणि पाळी लांबते किंवा थांबते. रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी १९७४ मध्ये मांडलं, की पाळी नियमित राहायला शरीरात साधारण २२ टक्के चरबी लागते. या आकड्यावर पुढे बरेच वाद झाले, पण मूळ मुद्दा टिकला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा नऊ महिन्यांनी तिथले जन्म एकदम घटले. दुसऱ्या टोकाला चरबी जास्त झाली, विशेषतः पोटात, तर इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. रक्तात इन्सुलिन वाढतं, ते बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं आणि स्त्रीबीज पक्व होऊन बाहेर पडण्याची क्रिया अडते. आपल्या बायका ज्याला सरसकट 'पीसीओडी' म्हणतात, त्यातल्या बऱ्याच जणींची कहाणी ही आहे. म्हणजे वजनाचा आणि दिवस राहण्याचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. 'कमी करा' हा सल्ला त्यातली एकच बाजू पाहतो.

महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष करणं परवडणारं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २०.८ टक्के स्त्रियांचं वजन उंचीच्या मानाने कमी होतं आणि २३.४ टक्के स्त्रियांचं जास्त. दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत, याकडे लक्ष द्या. शंभरातल्या चव्वेचाळीस स्त्रिया मधल्या पट्ट्याबाहेर आहेत आणि त्यातल्या जवळपास निम्म्या जणींना वजन वाढवण्याची गरज आहे. पण किरकोळ बांध्याच्या बाईला दवाखान्यात वजनाबद्दल कोणी काही विचारत नाही. तिची पाळी दोन-दोन महिने येत नसली तरी सोनोग्राफी होते, गोळ्या लिहिल्या जातात आणि ती दिवसभरात काय खाते हा प्रश्न राहून जातो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात, की ज्या स्त्रीचा बीएमआय १९ च्या खाली आहे आणि पाळी अनियमित किंवा बंद आहे, तिला वजन वाढवल्याने दिवस राहण्याची शक्यता वाढते हे सांगितलं पाहिजे.

आता आपल्या हुडकेश्वरकडे येतो. कालपरवापर्यंत हे ग्रामपंचायतीचं गाव होतं. आज ते नागपूर महापालिकेच्या हद्दीत आहे, आणि जिथे शेतं होती तिथे लेआउट पडले आहेत. उमरेड, कुही, भिवापूरच्या बाजूने इथे आलेल्या अनेक कुटुंबांतल्या बायकांचं बालपण शेतावर आणि पाणी भरण्यात गेलं. संसार मात्र दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये, गॅससमोर आणि टीव्हीपुढे चालतो. अशा शरीराचा नेमका अभ्यास आपल्याच राज्यात झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. पण हे ८०० ग्रॅम सगळीकडून सारखे कमी झालेले नव्हते. स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. 'बारीक पण चरबीयुक्त' असं हे भारतीय बाळ आहे. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर तंतोतंत सारखे असलेले दोन देह आतून इतके वेगळे होते.

यातून आपल्या कामासाठी निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. जी मुलगी आईच्या पोटात अर्धपोटी वाढली आणि तिशीत अंगाने भरली, ती एकाच वेळी कुपोषित आणि जाड असते. तिच्याकडे पाहून 'खाणं कमी करा' म्हणणं म्हणजे तिच्या अर्ध्याच शरीरावर उपचार करणं. म्हणूनच भारतीयांसाठी २५ ऐवजी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानावा असं आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये एकमताने ठरवलं, आणि स्त्रीच्या कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर धरली. टेप बरगडीची खालची कड आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, साडीच्या गाठीवरून नव्हे तर त्वचेवर धरायची. या एका मिनिटाच्या मापाने काट्याला न दिसलेली गोष्ट दिसते. आपल्या किती केसपेपरांवर ते माप असतं, हे प्रत्येकाने आपापल्या दवाखान्यात पाहावं.

आता त्या वाक्याच्या मुख्य दाव्याकडे. वजन आधी कमी केलं तर मूल होण्याची शक्यता वाढते का? सुरुवातीचे पुरावे फार उत्साहवर्धक होते. ऑस्ट्रेलियात ॲडिलेडला १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या गटातल्या व्यायाम-आहाराच्या कार्यक्रमानंतर ६७ पैकी ६० स्त्रियांना बीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली. वजन सरासरी दहा किलोच्या आसपास कमी झालं होतं. पण पुढे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून कसोटी लागली, तेव्हा चित्र गुंतागुंतीचं निघालं. हॉलंडमध्ये २०१६ साली ५७७ लठ्ठ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत एका गटाला आधी सहा महिने वजन कमी करायला लावलं, दुसऱ्या गटाचा उपचार लगेच सुरू केला. दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, निरोगी, एकच बाळ नैसर्गिक प्रसूतीने झालं ते थांबवलेल्या गटात २७.१ टक्के स्त्रियांना, आणि लगेच उपचार मिळालेल्या गटात ३५.२ टक्के. २०१७ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या आयव्हीएफच्या चाचणीत स्त्रियांनी साडेनऊ किलो घटवले, तरी मूल होण्याचं प्रमाण २९.६ आणि २७.५ टक्के म्हणजे जवळजवळ सारखंच राहिलं. २०२२ ची अमेरिकेतली चाचणीही याच दिशेने गेली.

मग वजन घटवणं व्यर्थ का? नाही, आणि इथे घाई करणारा फसेल. त्याच डच चाचणीत औषधांशिवाय, आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण वजन घटवणाऱ्या गटात २६.१ टक्के होतं आणि दुसऱ्या गटात १६.२. स्वीडनच्या चाचणीतही तसंच घडलं. म्हणजे वजन पाच-दहा टक्के उतरलं की ज्यांची बीजनिर्मिती त्यामुळेच अडली होती, त्यांची वाट मोकळी होते. ज्यांची अडचण दुसरीकडे आहे, नळ्या बंद आहेत किंवा पतीचे शुक्राणू कमी आहेत, त्यांचे ते सहा महिने वाया जातात. म्हणून कारण शोधण्याआधी वजनाची अट घालणं शास्त्राला धरून नाही. तपासण्या लगेच करायच्या, वजनाचं काम त्यांच्याबरोबर चालू ठेवायचं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रसूतिगृहात रात्री-अपरात्री उभं राहणाऱ्यांचा असल्यामुळे त्याला मान द्यायला हवा. ते म्हणतात, दिवस राहणं एवढंच ध्येय नाही. जाड बाईला गरोदरपणात मधुमेह होतो, रक्तदाब चढतो, सिझेरियनची वेळ येते, भूल देणं अवघड होतं. मग आधी वजन उतरवायला सांगणं ही जबाबदारी नाही का? जबाबदारी आहेच. पण धोका तोलताना दोन्ही पारडी पाहावी लागतात, आणि दुसऱ्या पारड्यात वय असतं. सव्वीस वर्षांच्या, अनियमित पाळीच्या मुलीला तपासण्या आटोपून तीन ते सहा महिने नेटाने वजनावर काम करायला सांगणं शहाणपणाचं आहे; तिला त्यातच दिवस राहू शकतात. सदतीस वर्षांच्या बाईला तोच सल्ला दिला, तर काट्यावर चार किलो उतरतील आणि तेवढ्या काळात स्त्रीबीजांचा साठा आणि दर्जा खाली जाईल. उतरलेलं वजन पुन्हा चढतं. गेलेलं वर्ष परत येत नाही. २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याने स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयाची चौकट घातली. वजनाची चौकट कायद्याने घातलेली नाही, ती आपणच आपल्या टेबलावर बसवली आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा. वजनाचा विषय काढला की बाई दुखावते, सासरी तिला बोलणी बसतात, तेव्हा विषयच काढू नये. ही कळकळ मला समजते. मूल न होण्याचा सगळा दोष आधीच तिच्या माथी मारलेला असतो. त्यात व्हरांड्यातल्या काट्यावर उभं करून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा आकडा ओरडला, तर ती पुढच्या वेळी येतच नाही. पण गप्प राहिल्याने तिची साखर तपासायची राहते, थायरॉइड राहतो, फॉलिक ॲसिड सुरू व्हायचं राहतं. काटा पडद्याआड न्यावा आणि बोलणं मात्र चालू ठेवावं.

आणि बोलायचं ते खाण्याच्या तपशिलासह. मूल व्हावं म्हणून आपल्याकडच्या बायका उपास वाढवतात. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरून आठवड्यात दोन-तीन दिवस उपासाचे होतात. त्या दिवशीचं ताट पाहा : साबुदाण्याची उसळ, बटाटा, भगर, चार वेळा साखरेचा चहा. पिष्ट भरपूर, प्रथिनं नावाला, आणि संध्याकाळी भुकेपोटी जास्तीचं खाणं. श्रद्धेला हात न लावता हे ताट बदलता येतं. दही, दूध, मूठभर शेंगदाणे, फळ, राजगिरा हे सगळं उपासाला चालतं. इतर दिवशी वरण पातळ न करता घट्ट ठेवणं, पालेभाजी रोज असणं आणि बाईने सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं न खाणं, यातही उपचार आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार यांच्या नेतृत्वाखाली २००६ पासून झालेल्या 'सरस' प्रकल्पाने साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना दिवस राहण्याच्या आधीपासून रोज एक पदार्थ दिला. एका गटाच्या पदार्थात पालेभाज्या, फळं आणि दूध, दुसऱ्याच्या पदार्थात हे घटक फार कमी. पहिल्या गटात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के, दुसऱ्यात १२.४ टक्के. बाळाचं वजन मात्र सगळ्याच जणींत वाढलं नाही. अगदी बारीक आयांच्या बाळांना फायदा दिसला नाही, जरा भरलेल्या आयांच्या बाळांना दिसला. अतिशय कृश बाईला रोजचा एक खाऊ पुरत नाही, तिच्यासाठी तयारी खूप आधीपासून हवी, असा मी याचा अर्थ लावतो.

या सगळ्या चर्चेत एक माणूस काट्यावर चढतच नाही. तो म्हणजे नवरा. पुरुषाच्या चरबीत टेस्टोस्टेरॉनचं स्त्री-संप्रेरकात रूपांतर होतं, शुक्राणूंवर परिणाम होतो, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाचा वाटा असतो. तरी केसपेपर बाईच्याच नावाने निघतो. सुटलेल्या पोटाचा नवरा बाहेर बाकावर मोबाइल पाहत बसलेला आणि आत बायकोला वजनावरून समज दिली जात आहे, हे दृश्य आपण थांबवलं पाहिजे. घरात रोजचा स्वयंपाक एकच शिजतो. तो दोघांसाठी बदलला तरच टिकतो.

वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. सेमाग्लूटाइडसारखी औषधं आता आपल्या शहरात मिळतात आणि त्यांनी वजन उतरतंही. पण मूल हवं असेल तर सेमाग्लूटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं, आणि वजन उतरताना पाळी सुरळीत होऊन अचानक दिवस राहू शकतात. शेजारणीने सांगितलं म्हणून ही इंजेक्शनं घेणाऱ्या बाईला हे आधीच सांगणारं कुणीतरी हवं.

वेळ कुठे आहे, असं तुम्ही म्हणाल. शंभर रुग्णांच्या ओपीडीत वीस मिनिटं आहारावर बोलणं शक्य नाही, हे मान्य. म्हणून ते काम डॉक्टरच्या खोलीतून गटाकडे न्यावं. नुसत्या सल्ल्यापेक्षा गटातल्या व्यायाम-आहाराच्या कार्यक्रमाने जास्त जणींना दिवस राहतात, असं 'नाइस' सांगते. हुडकेश्वर रोडच्या दोन्ही बाजूंच्या लेआउटमध्ये मोकळी मैदानं आहेत, आशाताईंना घरं ठाऊक आहेत, आणि मे महिन्यातही सकाळी साडेपाचला नागपुरात चालता येतं. आठ-दहा जोडप्यांचा गट, आठवड्यातून एकदा आहारतज्ज्ञ, बाकीचे दिवस आपापलं चालणं, एवढ्यावर सुरुवात होते.

दुपारच्या सत्रात आपण वंध्यत्वाच्या केसपेपरचा नवा नमुना चर्चेला घेणार आहोत. त्यात पत्नीसाठी आणि पतीसाठी असे दोन रकाने असावेत, दोघांचं वजन, उंची, कमरेचा घेर, पाळीचं अंतर, साखर आणि हिमोग्लोबिन, वीर्यतपासणीची तारीख. सर्वांत खाली एक ओळ : वजनावरचं काम कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या तारखेला वजन कितीही असलं तरी पुढचा उपचार कोणता. ती ओळ भरल्याशिवाय कागद जोडप्याच्या हाती देऊ नये, अशी माझी सूचना आहे, आणि ती मी या परिषदेपुढे ठराव म्हणून मांडतो.